केंद्रकाची वेस: हजारो भोकं असलेली भिंत राखण कशी करते?

करोनाच्या लशी आल्या तेव्हा एक प्रश्न सगळीकडे विचारला गेला: एमआरएनए लस आपला डीएनए बदलते का? उत्तर बहुतेक ठिकाणी एका ओळीत मिळालं: 'नाही, कारण ती पेशीच्या केंद्रकात जातच नाही.' (एमआरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याचा मजकूर वाहणारा रेणू, आणि केंद्रक म्हणजे पेशीतला डीएनए ठेवलेला कप्पा.) उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं. शाळेतलं जीवशास्त्र आठवून कुणी पुढे विचारलं, 'का जात नाही? केंद्रकाच्या भिंतीला तर भोकं असतात ना?', तर त्याला नीट उत्तर क्वचितच मिळालं.

मला ही शंका अतिशय रास्त वाटते. मानवी पेशीच्या केंद्रकाला खरोखरच काही हजार भोकं असतात. त्यांतून अखंड ये-जा चालू असते, आणि तरीही भलतंच काही सहसा आत घुसत नाही, की हवं ते बाहेर ताटकळत नाही. ही राखण कशी होते ते कळलं, की लशीचा प्रश्न सुटतो. शिवाय एड्सचा विषाणू, जनुक-संपादन, अकाली म्हातारपण आणणारा एक दुर्मीळ आजार यांच्याबद्दलच्या बातम्याही एकमेकींशी जोडलेल्या दिसू लागतात.

## मुळात भिंत हवीच कशाला?

जिवाणूंचं भिंतीवाचून काहीच अडत नाही. त्यांचा डीएनए पेशीत मोकळाच असतो. एखाद्या जनुकाची आरएनए-नक्कल अजून पूर्णही झालेली नसते, तोवर तिच्या सुटलेल्या टोकावर रायबोसोम चढतात आणि प्रथिन बनवायला लागतात. रायबोसोम म्हणजे आरएनएवरचा मजकूर वाचून प्रथिन विणणारं यंत्र. लिहिणं आणि वाचणं तिथे एकाच जागी, एकाच वेळी चालतं.

आपल्या पेशीत असं झालं तर अनर्थ होईल. आपल्या बहुतेक जनुकांमध्ये कामाचा मजकूर सलग नसतो. मध्येमध्ये प्रथिनासाठी न लागणारे तुकडे असतात. पहिली नक्कल हे सगळं घेऊनच उतरते. मग ते तुकडे छाटून कामाचे भाग सांधावे लागतात. या कामाला वेळ लागतो, आणि रायबोसोम मात्र भराभर वाचत सुटतो. कच्ची नक्कल त्याच्या हाती लागली तर तो सगळा मजकूर तसाच वाचणार आणि मोडकं प्रथिन बनवणार. म्हणून लिहिणं आणि छाटणं भिंतीच्या आत, वाचणं भिंतीच्या बाहेर. विल्यम मार्टिन आणि युजीन कूनिन यांनी २००६ मध्ये असं मत मांडलं, की केंद्रकाची सीमा मुळात याच गरजेतून जन्माला आली असावी. या मताची परीक्षा कठीण आहे, कारण ती घटना अब्जावधी वर्षांपूर्वीची. पण सीमेचा आजचा उपयोग त्यातून फार स्पष्ट दिसतो.

भिंत उभी राहिली की दळणवळणाचा खर्चही आलाच. प्रथिनं बनतात बाहेर, म्हणजे पेशीद्रवात. डीएनए गुंडाळणारी, त्याची नक्कल करणारी, ती छाटणारी सगळी प्रथिनं बाहेरच जन्मतात आणि त्यांना आत आणावं लागतं. रायबोसोमची फेरी तर विलक्षण आहे. त्याची प्रथिनं बाहेर बनतात, आत येतात, आत आरएनएबरोबर त्यांचे दोन मोठे भाग जुळतात, ते भाग वेगवेगळे बाहेर जातात आणि बाहेर गेल्यावर एकत्र येऊन कामाला लागतात. वाढत्या पेशीत ही वाहतूक क्षणभरही थांबून चालत नाही.

## भिंत कशाची आहे?

रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या गोलसर ठिपक्याला केंद्रक हे नाव दिलं. त्या ठिपक्याची कड नेमकी कशाची आहे, हे पाहायला मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

ती कड दुपदरी आहे. मेदाच्या रेणूंची दोन पातळ पटलं, आणि त्यांच्यामध्ये ३० ते ५० नॅनोमीटरची पोकळी. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बाहेरचं पटल पेशीतल्या आंतरद्रव्य जालिकेशी सलग जोडलेलं असतं. ही जालिका म्हणजे पेशीभर पसरलेलं पटलांचं घड्याघड्यांचं जाळं. त्यामुळे केंद्रकाचं आवरण ही वेगळी आणून बसवलेली वस्तू नाही. या जाळ्याचाच एक पदर डीएनएभोवती लपेटलेला आहे.

मेदाचं पटल साबणाच्या फुग्यासारखं लवचीक असतं. ते स्वतःच्या बळावर आकार टिकवू शकत नाही. म्हणून आतल्या पटलाला आतून एक जाळी लावलेली असते. ही जाळी लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या धाग्यांची. एका बाजूने ती पटलाला धरते, दुसऱ्या बाजूने डीएनएच्या गुंडाळ्यांना. सहसा न लागणारी, गप्प ठेवलेली जनुकं बरेचदा या जाळीलगत सारलेली आढळतात. शिवाय दोन्ही पटलांच्या आरपार काही प्रथिनांचे सेतू असतात. ते या जाळीला पेशीच्या बाहेरच्या सांगाड्याशी बांधतात, त्यामुळे पेशी ओढली-ताणली गेली की तो ताण केंद्रकापर्यंत पोचतो.

हाडासारख्या ताठ ऊतींतल्या पेशींत लॅमिन-ए जास्त असतं, मेंदूसारख्या मऊ ऊतींत कमी. संसर्गाच्या जागी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत ते फारच कमी असतं, कारण त्यांना अरुंद फटींतून अंग चोरून जायचं असतं आणि ताठ केंद्रक तिथे अडकलं असतं. मला हा तपशील फार आवडतो. भिंत किती कडक असावी, हेसुद्धा पेशी आपल्या कामानुसार ठरवते.

## भोकं, पण नुसती भोकं नव्हेत

१९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींचं आवरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा त्यावर नियमित गोल खळगे दिसले. आज त्यांना आपण केंद्रकरंध्रं म्हणतो. जिथे रंध्र असतं, तिथे आतलं आणि बाहेरचं पटल एकमेकांकडे वळून काठाशी जुळतं. त्यामुळे भिंतीला आरपार मार्ग तयार होतो, पण दोन पटलांमधली पोकळी कुठेही उघडी पडत नाही.

त्या काठावर प्रथिनांची प्रचंड चौकट बसलेली असते. तिची बाहेरची रुंदी सुमारे १२० नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीत अशी सहाशेहून अधिक रंध्रं ओळीने मावतील. रेणूंच्या जगात मात्र ही चौकट राक्षसी आहे. साधारण ३० प्रकारच्या प्रथिनांचे मिळून जवळपास हजार नग तिच्यात असतात आणि वजन ११ ते १२ कोटी डाल्टनच्या घरात जातं. डाल्टन हे रेणूंचं वजन मोजण्याचं एकक. हायड्रोजनच्या एका अणूचं वजन साधारण एक डाल्टन. वरून पाहिलं तर चौकट आठ सारख्या पाकळ्यांच्या फुलासारखी दिसते. यीस्टच्या केंद्रकाला अशी शे-दोनशे रंध्रं असतात, माणसाच्या पेशीला काही हजार, आणि आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशीला काही कोटी.

एवढ्या मोठ्या, लवचीक वस्तूचा नकाशा काढायला दशकं गेली. २०२२ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून मानवी रंध्राच्या चौकटीचा बहुतांश भाग अणूंच्या पातळीवर उलगडला. गोठवलेल्या नमुन्यांच्या प्रतिमांना तिथे अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वर्तवलेल्या प्रथिनांच्या आकारांची जोड मिळाली.

पण चौकटीचा नकाशा मिळाला म्हणून राखणीचं रहस्य उलगडत नाही. राखण चौकट करत नाही. ती करतात मधल्या पोकळीत भरलेले धागे.

## ना कडी ना कुलूप, तरी दार राखलेलं

रंध्राच्या मध्यमार्गात काही प्रथिनांची लांब, सुटी टोकं लोंबत असतात. त्यांना ठरलेला आकार नसतो. ती सतत वळवळत राहतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या धाग्यांच्या माळेत ठरावीक अंतराने एक जोडी पुन्हा पुन्हा येते: फेनिलअ‍ॅलनिन आणि ग्लायसीन. फेनिलअ‍ॅलनिन तेलकट स्वभावाचं असल्यामुळे पाण्यापासून दूर राहायला बघतं आणि आपल्यासारख्या दुसऱ्याला चिकटतं. अशा हजारो चिकट जागा एकमेकींना धरत-सोडत राहतात आणि मार्गात एक सैल गुंता तयार होतो. हा गुंता जेलीसारखा आहे की ब्रशच्या केसांसारखा, यावर संशोधकांत वाद आहे, पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली मूळ गोष्ट अशी.

लहान रेणू या गुंत्याच्या फटींतून आपोआप निसटतात. पाणी, क्षार, साखर, अगदी लहानशी प्रथिनंही. साधारण ४० हजार डाल्टनच्या पुढे मात्र पाऊल जड होत जातं. इथे काटेकोर रेषा नाही. आकार वाढेल तसा वेग झपाट्याने घटतो, आणि मोठ्या रेणूंच्या बाबतीत तो जवळजवळ शून्यावर येतो.

मग मोठे रेणू जातात कसे? त्यांना वाहक घेऊन जातात. आत नेणाऱ्यांना इम्पोर्टिन म्हणतात, बाहेर आणणाऱ्यांना एक्स्पोर्टिन. या वाहकांच्या अंगावर तेलकट खाचा असतात आणि त्यांत धाग्यांवरचं फेनिलअ‍ॅलनिन अलगद बसतं. एकमेकांचे हात धरून उभी असलेली दाट गर्दी डोळ्यांसमोर आणा. अनोळखी माणूस कडेला अडतो. सगळ्यांच्या ओळखीचा माणूस आला, की ज्याच्याजवळ तो पोचतो तो शेजाऱ्याचा हात सोडून क्षणभर याचा हात धरतो, आणि माणूस पुढे सरकतो. त्याच्या मागे गर्दीचे हात पुन्हा जुळतात. वाट त्याच्यापुरतीच आणि तेवढ्या क्षणापुरतीच उघडते.

यात खरी खुबी पकडीच्या दुबळेपणात आहे. धागा आणि वाहक यांची पकड घट्ट असती तर वाहक रंध्रातच रुतून बसला असता. प्रत्येक पकड निमिषभराची आणि हलकी. पण अशा पकडी एकाच वेळी पुष्कळ असतात. त्यामुळे ओळखही पटते आणि वेगही टिकतो. एक वाहक काही मिलिसेकंदांत पार होतो, आणि एका रंध्रातून सेकंदाला हजारच्या आसपास फेऱ्या होऊ शकतात, दोन्ही दिशांनी, एकाच मार्गातून.

## कुणाला न्यायचं, हे वाहकाला कसं कळतं?

मालावरच पत्ता लिहिलेला असतो. १९८४ मध्ये एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूच्या एका प्रथिनात सात अमिनो आम्लांचा छोटासा तुकडा सापडला. त्यातली पाच धनभारित आहेत. एकच अमिनो आम्ल बदललं तर प्रथिन बाहेरच राहतं. उलट, एरवी कायम पेशीद्रवात राहणाऱ्या एका एन्झाइमला हा तुकडा जोडला, तर ते केंद्रकात जाऊन बसतं. अशा तुकड्याला केंद्रक-संकेत म्हणतात.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने सोन्याच्या सूक्ष्म कणांवर केंद्रकात जाणाऱ्या प्रथिनाचा लेप दिला आणि ते बेडकाच्या अंडपेशीत टोचले. सोन्याचे कण सूक्ष्मदर्शकात काळे ठिपके म्हणून दिसतात. ते ठिपके रंध्रांच्या मधोमध, ओळीने आत जाताना पकडले गेले. वाहतूक रंध्रांतूनच होते, आणि प्रथिनाला त्यासाठी उलगडून लांब दोरा व्हावं लागत नाही, हे त्यातून दिसलं. सोन्याचा कण थोडाच उलगडतो! पुढे प्रथिनांच्या अंगच्या अशा पत्त्यांवरील मूलभूत कामासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रात याच पत्त्याचा उपयोग होतो. कॅस-९ हे डीएनए कापणारं प्रथिन जिवाणूंचं आहे. जिवाणूंना केंद्रकच नाही, त्यामुळे त्या प्रथिनावर पत्ताही नाही, आणि वजन सुमारे १ लाख ६० हजार डाल्टन. माणसाच्या पेशीत ते भिंतीबाहेर अडून राहील. म्हणून संशोधक त्याला केंद्रक-संकेत जोडतात, बरेचदा त्या एसव्ही-४० चाच. २०२३ च्या अखेरीस सिकलसेल आजारावरच्या पहिल्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या बातमीमागे असलेलं कॅस-९ केंद्रकात पोचलंच नसतं, तर कापायला डीएनए हाती आलाच नसता.

## दिशा कोण ठरवतं?

या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे, म्हणून थोडं थांबून बघू.

वर सांगितलेल्या गुंत्याला आत-बाहेर कळत नाही. वाहक ज्या सहजतेने आत जातो, त्याच सहजतेने बाहेरही येऊ शकतो. रंध्र कुणालाही ढकलत नाही, ओढत नाही. मग आत जायचा माल आतच का साठतो?

याचं उत्तर रॅन नावाच्या छोट्या प्रथिनात आहे. रॅनच्या दोन अवस्था असतात. जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू त्याला धरलेला असेल तर त्याला आपण 'भरलेला' म्हणू. त्या जीटीपीचा एक तुकडा तुटून गेला असेल तर 'रिता'. आता रचना पाहा. रॅनला भरणारं प्रथिन डीएनएच्या गुंडाळ्यांना चिकटलेलं असतं, म्हणजे केंद्रकाच्या आतच. त्याला रितं करायला लावणारं प्रथिन पेशीद्रवात, आणि आपल्या पेशींत तर त्याचा मोठा भाग रंध्राच्या बाहेरच्या तोंडाशीच बसलेला असतो. परिणामी आतला रॅन बहुतांशी भरलेला, बाहेरचा जवळजवळ सगळा रिता. भिंतीच्या दोन बाजूंमधला हा फरक शेकडो पटींचा असतो.

इम्पोर्टिनला ओझं वाहणारा हमाल समजा. बाहेर तो माल उचलतो, रंध्रातून आत शिरतो. आत त्याला भरलेला रॅन भेटतो आणि त्याच्या अंगाला बिलगतो. त्या बिलगण्याने हमालाचा आकार असा बदलतो, की हातातला माल सुटतो. रिकामा हमाल रॅनला घेऊन बाहेर येतो. बाहेर रॅन रिता होतो, हमालाला सोडतो, आणि हमाल पुढच्या ओझ्याला मोकळा. माल मात्र आत राहिला.

एक्स्पोर्टिनचा नियम नेमका उलटा. भरलेला रॅन सोबत असेल तरच तो माल उचलतो, म्हणजे फक्त आत. बाहेर येताच रॅन रिता होतो आणि तिघांची फारकत होते. बाहेर साठलेल्या रित्या रॅनला परत आत नेणारा एक स्वतंत्र छोटा वाहक आहे, म्हणून हे चक्र अडत नाही.

म्हणजे माल नेण्यासाठी रंध्रात ऊर्जा लागत नाही. ऊर्जा लागते ती दोन बाजूंमधला फरक टिकवण्यासाठी. हे नुसतं कागदावरचं स्पष्टीकरण असतं तर शंकेला जागा राहिली असती. पण १९९९ मध्ये मॅक्सन्स नाशुरी आणि कार्स्टन वाइस यांनी फरकच उलटा केला. त्यांनी पेशीद्रवाच्या बाजूला भरलेला रॅन भरपूर ठेवला. आणि ज्या मालाने बाहेर यायचं, तो त्याच रंध्रांतून वेगाने आत जाऊ लागला. दार तेच, धागे तेच, वाहक तेच. बदलली ती फक्त दोन बाजूंची परिस्थिती.

## एमआरएनएची वाट निराळी

जनुकाच्या पक्क्या नकलेला, म्हणजे एमआरएनएला, रॅनच्या या चक्राची थेट गरज लागत नाही. छाटणी-सांधणी होताना तिच्यावर काही प्रथिनं बसत जातात आणि त्यांच्या आधारे एक वेगळा वाहक तिला धरतो. कच्च्या नकलेवर ही प्रथिनं नीट बसलेली नसतात, म्हणून ती सहसा आतच रोखली जाते. पक्की नकल रंध्राच्या बाहेरच्या तोंडाशी पोचली, की तिथे टपून बसलेलं एक एन्झाइम ऊर्जा खर्च करून तिच्यावरचा वाहक उतरवून घेतं. वाहक गेला, की मागे फिरायला साधनच उरत नाही. दिशा पुन्हा एकदा दोन बाजूंच्या फरकातूनच आली.

## तर मग लशीचं काय?

आता तो मूळ प्रश्न. लशीतला करोनाच्या काट्याच्या प्रथिनाचा एमआरएनए चार हजारांहून अधिक अक्षरांचा असतो. वजन दहा लाख डाल्टनच्या वर. गुंत्यातून आपोआप निसटण्याची मर्यादा ४० हजारांच्या आसपास. त्याच्यावर आत नेणारा पत्ता नाही. त्याचं काम पेशीद्रवातल्या रायबोसोमवरच होतं, आणि ते करता करता तो काही दिवसांत मोडून जातो. 'केंद्रकात जात नाही' या एका ओळीमागे एवढं सगळं आहे.

'पण पेशी विभागते तेव्हा केंद्रकाची भिंत विरघळते ना? तेव्हा लशीचा आरएनए डीएनएपाशी पोचेलच की!' ही शंका हुशार आहे आणि तिला झटकून टाकणं चुकीचं ठरेल. हो, भिंत विरघळते. पण आरएनए डीएनएच्या शेजारी असणं आणि त्यात लिहिला जाणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. लिहायचं तर आधी आरएनएची उलटी नक्कल करून डीएनए बनवणारं एन्झाइम हवं, मग तो डीएनए गुणसूत्रात शिवणारं साधन हवं. एड्सचा विषाणू ही दोन्ही स्वतःबरोबर घेऊन येतो. लशीत दोन्ही नसतात. आपल्या जनुकसंचात प्राचीन काळापासून उरलेलं, उलटी नक्कल करू शकणारं एक एन्झाइम आहे, हे खरं. पण प्रौढ शरीराच्या बहुतेक पेशींत ते दडपलेलं असतं, आणि जागं झालं तरी ज्या आरएनएवरून ते स्वतः बनतं, मुख्यतः त्यालाच धरून राहतं. आपल्या पेशींतले स्वतःचे लक्षावधी एमआरएनए रेणू प्रत्येक विभाजनात डीएनएच्या सान्निध्यात येतच असतात, म्हणून काही ते सहसा डीएनएत लिहिले जात नाहीत. शिवाय लस टोचली जाते त्या स्नायूचे तंतू विभागत नाहीत.

## भिंत विरघळते, मग पुन्हा उभी कशी राहते?

विभाजनाच्या वेळी काही एन्झाइमं लॅमिनच्या धाग्यांवर फॉस्फेटचे गट चिकटवतात. धागे सुटे होतात, रंध्रांचे भाग वेगळे होतात, पटलं आंतरद्रव्य जालिकेत मिसळून जातात. गुणसूत्रं दोन बाजूंना गेली, की फॉस्फेट काढून टाकले जातात आणि प्रत्येक संचाभोवती नवी भिंत उभी राहते. यीस्टसारख्या काही सजीवांत मात्र भिंत न मोडताच विभाजन उरकतं.

नवी भिंत नेमकी गुणसूत्रांभोवतीच का उभी राहते? इथे पुन्हा रॅन येतो. त्याला भरणारं प्रथिन डीएनएच्या गुंडाळ्यांवरच बसलेलं, म्हणून भिंत नसतानाही गुणसूत्रांच्या आसपास भरलेला रॅन दाट असतो. तोच रंध्रांच्या भागांना 'इथे जमा' असा इशारा ठरतो. २००० साली तर बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात रॅन लावलेले साधे मणी टाकले, तेव्हा त्यांच्याभोवतीही रंध्रांसकट आवरण तयार झालं. डीएनएचा पत्ताच नव्हता!

## विषाणू ही वेस कशी ओलांडतात?

एड्सच्या विषाणूचा जनुकीय माल एका शंकूच्या आकाराच्या कवचात असतो. हे कवच साधारण ६० नॅनोमीटर रुंद. पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं असं असे, की रंध्र यापेक्षा अरुंद आहे, म्हणून कवच बाहेरच फुटत असणार. २०२१ मध्ये संसर्ग झालेल्या पेशींच्या गोठवलेल्या प्रतिमांत अख्खी कवचं रंध्रात शिरलेली दिसली, आणि जिवंत पेशीतली रंध्रं वेगळ्या काढलेल्या रंध्रांपेक्षा रुंद निघाली. २०२४ मध्ये पुढचा दुवा मिळाला. कवचाच्या पृष्ठभागावर शेकडो खाचा आहेत आणि त्यांत धाग्यांवरची तीच फेनिलअ‍ॅलनिन-ग्लायसीनची जोडी बसते. विषाणूने वाहक भाड्याने घेतलेला नाही. त्याचं कवचच एक अवाढव्य वाहक बनलेलं आहे.

करोनाचा विषाणू वेगळा डाव खेळतो. त्याचं काम पेशीद्रवातच भागतं, त्याला आत जायचं नसतं. पण पेशीने धोक्याची वर्दी केंद्रकापर्यंत पोचवू नये, हे त्याला हवं असतं. त्याचं ओआरएफ-६ नावाचं छोटं प्रथिन रंध्रातल्या एका प्रथिनाला चिकटून बसतं आणि विषाणूविरोधी जनुकं जागी करणारा संदेशवाहक आत जाऊ देत नाही.

## भिंत किंवा वाहतूक बिघडली तर

लॅमिन-एच्या जनुकात एका विशिष्ट अक्षराचा बदल झाला, की प्रोजेरिया, म्हणजे मुलांना अकाली म्हातारपण आणणारा तो दुर्मीळ आजार होतो, हे २००३ मध्ये कळलं. त्या बदलामुळे प्रथिन ५० अमिनो आम्लांनी तोकडं बनतं आणि एरवी कापून टाकली जाणारी मेदाची एक शेपटी त्याला कायमची चिकटून राहते. असं प्रथिन आतल्या पटलात रुतून बसतं. केंद्रक गोल न राहता वेडंवाकडं, फुगवट्यांचं होतं. या मुलांना दुसऱ्या वर्षाच्या आतच वाढ खुंटणं, केस गळणं सुरू होतं आणि उपचारांविना सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षांच्या आसपास राहतं. मृत्यू बहुधा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने. ती शेपटी चिकटूच नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते आजार बरा करत नाही, पण आयुष्य वाढवतं.

कर्करोगात वाहतुकीचा दुरुपयोग होतो. पेशीला बेसुमार वाढू न देणारी काही प्रथिनं केंद्रकातच काम करतात. अनेक कर्कपेशी मुख्य एक्स्पोर्टिन जास्त प्रमाणात बनवतात आणि या राखणदारांना बाहेर काढून निष्प्रभ करतात. सेलिनेक्सॉर हे औषध त्या एक्स्पोर्टिनची माल धरण्याची खाच अडवतं, त्यामुळे राखणदार आतच राहतात. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी ते २०१९ पासून अमेरिकेत वापरात आहे. अर्थात निरोगी पेशींनाही तोच एक्स्पोर्टिन लागतो, म्हणून दुष्परिणाम जाणवण्याइतके असतात.

## न बदलली जाणारी रंध्रं

विभागणाऱ्या पेशींना प्रत्येक फेरीत रंध्रं नव्याने जुळवायची संधी मिळते. मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत, त्यांना ही संधी नसते. शरीरातली बहुतेक प्रथिनं काही तासांत किंवा दिवसांत मोडून नवी बनतात. उंदरांना जड नायट्रोजनचं खाद्य देऊन वाढवलं आणि नंतर साध्या खाद्यावर आणलं, तेव्हा वर्षभरानंतरही त्यांच्या मेंदूतल्या रंध्रांच्या चौकटीतली काही प्रथिनं जुन्या, जड नायट्रोजनचीच निघाली. मधल्या काळात ती बदललीच गेली नव्हती.

म्हाताऱ्या उंदरांच्या चेतापेशींत याचा परिणाम दिसतो. काही केंद्रकांची रंध्रं गळकी झालेली असतात, आणि आत ट्युब्युलिन सापडतं. ट्युब्युलिन हे पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन, त्याची जागा पेशीद्रवात. तरुण चेतापेशीत ते वेशीबाहेरच अडवलं जातं.